सुटकेची वाट उघडी असताना

बिशप मिरिएलने दिलेली चांदी घेऊन तुरुंगातून सुटलेला ज्याँ वालज्याँ दीन्य गावाबाहेर पडतो आणि दिवसभर माळरानातून भटकत राहतो. संध्याकाळी तो एका झुडपाआड बसलेला असताना दहा-बारा वर्षांचा एक गरीब पोरगा गाणं म्हणत त्या वाटेने येतो. पेती-जेर्वे त्याचं नाव. जवळची नाणी तो उडवतो, झेलतो. त्यातलं चाळीस सूचं नाणं हातातून निसटतं, घरंगळत वालज्याँपाशी येतं आणि वालज्याँ त्यावर पाय ठेवतो. मुलगा विनवतो, रडतो, त्याचा नाल ठोकलेला बूट हलवू पाहतो. पाय हलत नाही. त्याच सकाळी एका माणसाने वालज्याँला चोरीची क्षमा केली होती, वर चांदीची दोन शमादानं हातात ठेवली होती. मुलगा घाबरून पळून गेल्यावर, अंधार पडल्यावर, वालज्याँला पायाखालचं नाणं दिसतं. मग तो वेड्यासारखा हाका मारत माळभर धावतो. मुलगा सापडत नाही. एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा रडतो, तो या जागी.

व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून निघालेल्या जगप्रसिद्ध संगीतिकेत हा प्रसंग नाही. बिशपची क्षमा, कैद्याचं मनपरिवर्तन आणि मग थेट सज्जन कारखानदार, अशी सरळ गोष्ट सांगायला सोपी जाते. ह्यूगोला मात्र ही मधली पायरी हवी होती. चांगुलपणाचा एवढा मोठा धक्का बसल्यावरही तुलाँच्या तुरुंगातली एकोणीस वर्षं त्या पायात शिल्लक आहेत, हे त्याला दाखवायचं होतं. कथानकातही या चाळीस सूंना मोठी किंमत आहे. सुटून आलेल्या कैद्याने वाटेत केलेली लूट कायद्याच्या लेखी पुन्हा केलेला गुन्हा ठरते आणि त्याची शिक्षा जन्मभर डोक्यावर टांगती राहते. पश्चात्तापाने नाणं परत जात नाही. पेती-जेर्वे वालज्याँला पुढे कधीच भेटत नाही.

माणूस बदलतो का? आपल्याकडे लोकांनी या प्रश्नाचं उत्तर म्हणींमधून केव्हाच देऊन ठेवलं आहे: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथाही याच लोकांनी जपली. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या कादंबऱ्या या दोन्ही उत्तरांच्या मधल्या प्रदेशात वावरतात. स्वभाव मुळापासून जातो असं त्या सहसा म्हणत नाहीत. त्या स्वभावाचं माणूस काय करतो हे निवडीच्या एखाद्या घडीला ठरतं, असं त्या दाखवतात. ती घडी बहुतेक वेळा अशी असते की जबाबदारी टाळायला अगदी सभ्य, कुणालाही पटेल असं निमित्त समोर हजर असतं. ते निमित्त हाताशी असूनही न वापरणं, हा या कादंबऱ्यांमधला खरा पराक्रम. तलवारीचा पराक्रम त्यांनी आधी नीट तपासून पाहिला, आणि मग त्याला बराच मागे बसवला.

ही तपासणी ज्या काळात झाली तो काळ वीरपूजेचा होता. १८४० साली टॉमस कार्लाइलने लंडनमध्ये वीरपुरुषांवर व्याख्यानमाला दिली आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. थोर पुरुषांची चरित्रं म्हणजेच जगाचा इतिहास, हा तिचा गाभा. नेपोलियन जाऊन वीस वर्षं होत आली होती, तरी युरोपातल्या महत्त्वाकांक्षी तरुणांच्या मनातून तो गेला नव्हता. कादंबरीकारांनी मात्र उलट दिशेने चालायला सुरुवात केली होती. स्तांदालच्या 'पार्मा'मधला (१८३९) फाब्रीस नेपोलियनच्या प्रेमाने वॉटर्लूला पोचतो. तिथे त्याला धूर दिसतो, चिखल दिसतो, सम्राट समोरून जातो पण ओळखता येत नाही, आणि त्याचा घोडा त्याच्याच बाजूचे लोक काढून घेतात. आपण पाहिली ती लढाई होती का, हा प्रश्न त्याला पुढे बराच काळ छळतो. थॅकरेने १८४८ साली पुस्तकरूपाने पूर्ण झालेल्या 'व्हॅनिटी फेअर'ला उपशीर्षकच 'नायक नसलेली कादंबरी' असं दिलं.

या तपासणीत सगळ्यात खोल गेला टॉलस्टॉय. सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात तो स्वतः तोफखान्याचा अधिकारी होता, आणि युद्ध कसं लिहावं हे आपण स्तांदालकडून शिकलो, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं होतं. 'युद्ध आणि शांती'त (१८६५–६९) शॉनग्राबर्नच्या लढाईत तरुण निकोलाय रोस्तोव्ह पहिल्यांदा शत्रूसमोर येतो. घोडा मरून खाली पडतो, फ्रेंच शिपाई धावत येताना दिसतात, आणि रोस्तोव्हच्या मनात येतं की हे आपल्याला मारायला येताहेत. सगळ्यांचे आपण इतके लाडके, आपल्याला का मारतील? तो हातातलं पिस्तूल झाडत नाही, फेकून मारतो आणि झुडपांकडे पळत सुटतो. काही दिवसांनी तोच रोस्तोव्ह मित्रांना हा प्रसंग सांगायला बसतो तेव्हा गोष्ट कशी सरकत सरकत घोडदौडीच्या हल्ल्याची होते, हे टॉलस्टॉय शांतपणे नोंदवतो. मुलगा खोटारडा नाही. ऐकणाऱ्यांना जी गोष्ट हवी असते, ती त्याच्या तोंडून बाहेर पडते. माणसाच्या स्वभावाविषयी याहून नेमकं निरीक्षण युद्धसाहित्यात क्वचितच सापडेल.

त्याच लढाईत कॅप्टन तुशिन आहे. वाचकाला तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याच्या पायात बूटही नसतात आणि वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे तो ओशाळून उभा असतो. लढाईत त्याच्या तोफांना आडोसा द्यायला नेमलेलं पायदळ निघून जातं, माघारीचा हुकूम घेऊन आलेला अधिकारी भीतीने लांबूनच ओरडून पळ काढतो, आणि हा बुटका माणूस तोंडात चिलीम धरून तोफा डागत राहतो. रात्री सेनापती बाग्रातिओन त्याला विचारतो, तोफ मागे का टाकलीस? आडोशाला सैन्य नव्हतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललं तर दुसरा कोणी अधिकारी अडचणीत येईल, म्हणून तुशिन गप्प बसतो. शेवटी प्रिन्स आंद्रेई पुढे होऊन सांगतो की आजचं यश याच माणसाचं आहे. तोफांच्या धुरात तुशिनला आपण शूर आहोत याचा विचारही शिवलेला नव्हता. त्याचा पराक्रम त्या रात्रीच्या गप्प बसण्यात अधिक आहे, कारण तिथे एका वाक्यात सुटका होती.

स्टीफन क्रेनने १८९५ साली 'द रेड बॅज ऑफ करेज' प्रसिद्ध केली तेव्हा त्याने युद्ध पाहिलंही नव्हतं. त्याचा जन्म १८७१ चा, अमेरिकन यादवी १८६५ लाच संपली. त्याचा हेन्री फ्लेमिंग रणातून पळतो, वाटेत पळणाऱ्या आपल्याच बाजूच्या शिपायाच्या बंदुकीचा दस्ता डोक्यात बसतो, आणि पलटणीत परतल्यावर ती जखम शत्रूच्या गोळीची समजली जाते. दुसऱ्या दिवशी तो खरोखर शौर्याने लढतो. जखमेविषयीचं सत्य मात्र तो सांगत नाही.

युद्धाबाहेरच्या पराक्रमाचं सर्वांत मोठं चित्र पुन्हा ह्यूगोकडेच आहे. वालज्याँ आता मादलेन या नावाने मोंत्रय-सुर-मेर गावचा नगराध्यक्ष झाला आहे. आरासच्या न्यायालयात शाँमाथिय नावाच्या भलत्याच म्हाताऱ्याला वालज्याँ समजून उभं केलं आहे, पेती-जेर्वेच्या लुटीचा आरोपही त्याच्यावरच आहे. मादलेन रात्रभर येरझाऱ्या घालतो. बोललं तर जन्मठेप. गप्प राहिलं तर शेकडो कामगारांचं गाव सुखात राहील. हे निमित्त उदात्त आहे, म्हणूनच ते भयंकर आहे. पहाटे तो काहीही न ठरवता घोडागाडीने निघतो. वाटेत टपालगाडीची धडक बसते, आणि एदँ गावी थांबल्यावर कळतं की चाक निकामी झालंय. चाक दुरुस्त करणारा म्हणतो, उद्याशिवाय होणार नाही. दुसरं चाक मिळत नाही, भाड्याची गाडीही मिळत नाही. मादलेनला अपार आनंद होतो. आपण शक्य ते सगळं केलं, देवानेच वाट अडवली, आता आपला दोष नाही. तो हलक्या मनाने मागे फिरणार, एवढ्यात हे बोलणं ऐकणारा एक मुलगा एका म्हातारीला घेऊन येतो. तिच्याकडे एक मोडकी छकडागाडी आहे.

तो पैसे देतो आणि पुढे निघतो. न्यायालयाच्या दारापाशी पोचल्यावरही तो एकदा मागे वळून बोळातून दूर निघून जातो, आणि परत येतो. ह्यूगोने हा प्रवास कित्येक पानं लांबवला आहे. ही पानं कंटाळवाणी म्हणून उड्या मारणारे वाचक असतात, पण कादंबरीचा कणा याच पानांत आहे. वालज्याँ एका रात्रीत संत झाला असता तर त्या मोडक्या चाकाने त्याला आनंद झाला नसता. त्याला सुटका हवी होती, मनापासून हवी होती, आणि तरीही तो गेला.

दस्तयेव्स्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'चं (१८६६) शेवटचं वळण याच जातीचं आहे. असामान्य माणसाला सामान्यांचे नियम लागू नाहीत, नेपोलियनने कुठे पाळले, या तर्काने रास्कोल्निकोवने सावकारीण म्हातारीचा आणि ओघात तिच्या गरीब बहिणीचा खून केला आहे. त्याच्यावर प्रेम करणारी सोन्या त्याला सांगते, चव्हाट्यावर उभा राहा, धरणीचं चुंबन घे आणि सगळ्यांना मोठ्याने सांग. तो खरंच पीटर्सबर्गच्या गवतबाजाराच्या चौकात गुडघे टेकतो. आजूबाजूचे लोक हसतात, दारुडा समजतात, आणि ओठावर आलेले शब्द तिथेच विरतात. पुढे पोलीस ठाण्यात अधिकारी त्याच्याशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो. बोलता बोलता कळतं की त्याची सोन्यापाशी दिलेली कबुली चोरून ऐकणाऱ्या स्विद्रिगाइलोवने स्वतःला गोळी घालून घेतली. रास्कोल्निकोवविरुद्ध साक्ष देऊ शकणारा माणूसच संपला. रास्कोल्निकोव काही न बोलता जिना उतरून बाहेर येतो. खाली सोन्या उभी असते, पांढरीफटक. तो तिच्याकडे बघतो आणि पुन्हा वर चढतो. काही विसरलात का, असं अधिकारी विचारतो.

यानंतर उपसंहार येतो आणि त्यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर सायबेरियात गेलेला रास्कोल्निकोव अजून पश्चात्तापी झालेला नाही. आपला गुन्हा एवढाच की आपल्याला तो पेलला नाही, असं त्याला वाटतं. त्याचा अहंकार तुरुंगातही शाबूत आहे, बरोबरचे कैदी त्याचा तिरस्कार करतात. मग एका सकाळी नदीकाठी तो सोन्याच्या पायाशी कोसळतो आणि नव्या आयुष्याची चाहूल लागते. हे परिवर्तन लेखकाने वरून लादलं, असं अनेक समीक्षकांना वाटत आलं आहे. आक्षेप हलका नाही. पण दस्तयेव्स्की हे ऐकीव गोष्टीवरून लिहीत नव्हता. १८४९ च्या डिसेंबरात त्याला स्वतःला वधस्तंभापाशी उभं करून ऐन वेळी शिक्षा बदलल्याचं सांगण्यात आलं होतं, आणि पुढची चार वर्षं त्याने ओम्स्कच्या तुरुंगात काढली होती. कबुली आधी येते आणि पश्चात्ताप फार मागाहून, कधी वर्षभराने येतो, हा क्रम त्याने मांडला. तो क्रम पटतो. नदीकाठची सकाळ जराशी घाईची वाटते, एवढं मात्र मान्य करायला हवं.

बदललेल्या माणसात जुना माणूस किती उरतो? या प्रश्नाचं उत्तर या लेखकांनी फार बारकाईने दिलं आहे. पॅरिसमध्ये पोलीस अधिकारी जाव्हेरची माणसं मागे लागली असताना वालज्याँ सांभाळायला घेतलेल्या लहानग्या कोझेतला घेऊन एका मठाची उंच भिंत ओलांडतो, आणि ही कला त्याची तुरुंगातली आहे. पळून जायचे चार प्रयत्न करून ज्याने पाच वर्षांच्या शिक्षेची एकोणीस करून घेतली, त्याचंच कसब आता एका पोरीला वाचवतं. फोशलव्हाँ या म्हाताऱ्यावर उलटलेली गाडी तो पाठीने उचलतो तेव्हाही तेच. एवढी ताकद असलेला एकच कैदी आपल्याला माहीत आहे, असं जाव्हेर समोर उभा राहून सांगत असतो, आणि मादलेन ते ऐकूनच गाडीखाली शिरतो.

मार्क ट्वेनचा हक फिन तर थापाड्या म्हणूनच जन्माला आलेला. 'हकलबेरी फिन' १८८४–८५ मध्ये प्रसिद्ध झाली. गोष्ट त्याच्या चाळीसेक वर्षं आधीची, गुलामगिरीच्या काळातली. पळालेल्या गुलामांना शोधणारे दोघे जण नदीवर आडवे येतात तेव्हा तराफ्यावर बापाला देवी आल्या आहेत असा समज हक करून देतो, आणि ते दुरूनच वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून निघून जातात. हकबरोबर निघालेला पळालेला गुलाम जिम वाचतो तो या थापेमुळे. पुढे हकला आपण मोठं पाप करतोय असं वाटतं. दुसऱ्याची मालमत्ता पळवून नेण्यात मदत करणं हे पापच, असं त्याला चर्चने, शाळेने, सगळ्या भल्या माणसांनी शिकवलेलं. तो जिमच्या मालकिणीला त्याचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो. लिहून झाल्यावर मन हलकं, धुतल्यासारखं होतं. मग त्याला तराफ्यावरचा जिम आठवतो, हकची पाळीही स्वतः जागून काढणारा. तो पत्र फाडतो आणि नरकात जायची तयारी ठेवतो.

या प्रसंगाची थोरवी अशी की हकला आपण सुधारलो असं वाटत नाही. बिघडलो असंच वाटतं. जिमची क्रूर चेष्टा केल्यावर माफी मागायला त्याला पंधरा मिनिटं लागली होती, हेही ट्वेनने हककडूनच वदवलं आहे. त्याला जे शिकवलं गेलं त्यातून तो कधीच पूर्ण सुटत नाही. शेवटच्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर येतो, जिमची सुटका पोरखेळ करून टाकतो आणि हक त्याच्यामागे जातो. इतकं मिळवलेलं या प्रकरणांत निसटतं, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे.

इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिनने हे सगळं सहलीच्या एका दुपारी घडवलं. 'एमा' (१८१५) मध्ये बॉक्स हिलवर एक खेळ चालू आहे: प्रत्येकाने एक चतुर गोष्ट सांगायची, किंवा तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स ही बडबडी, गरीब, प्रौढ कुमारिका म्हणते, तीन कंटाळवाण्या तर मी तोंड उघडताच सांगेन. एमा पटकन बोलून जाते की अडचण संख्येचीच आहे, एका वेळी तीनच चालतील. हा टोमणा कळायला मिस बेट्सना क्षणभर लागतो, मग त्या लाल होतात. एमाचा कुटुंबस्नेही मिस्टर नाइटली तिला बाजूला गाठून सांगतो की ती बाई श्रीमंत असती तर गोष्ट वेगळी होती. ती गरीब आहे, आणि दिवसेंदिवस अधिक गरीब होणार आहे. एमा घरी जाताना गाडीत वाटभर रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सच्या घरी जाते. कुणी तिला जा म्हटलेलं नसतं. गावात तिच्याहून वरचढ कोणी नाही. ती गेली नसती तरी तिचं काही बिघडत नव्हतं. हायबरीसारख्या छोट्या गावात एवढंच शौर्य शक्य आहे, आणि ऑस्टिन ते पुरेसं मानते.

एका रात्रीतला आणि सावकाश होणारा, असे बदलाचे दोन्ही प्रकार डिकन्सने हाताळले. 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ ला बाहेर पडली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. तिच्यातला कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो. ती परीकथा आहे आणि परीकथा म्हणून अजोड आहे. सतरा वर्षांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' लिहिताना त्याच लेखकाला असा बदल पुरेना. पिप साहेब झालाय, आणि त्याला लहानाचं मोठं करणारा लोहार जो त्याच्या लंडनच्या बिऱ्हाडी भेटायला येतो. जो आपली टोपी शेकोटीच्या कंगोऱ्यावर ठेवतो, ती पुन्हा पुन्हा खाली पडते, तो ती पुन्हा पुन्हा झेलतो आणि पिपला 'सर' म्हणतो. पिपला त्याची लाज वाटते. वर्षांनंतर पिप खरोखर बदलतो: आपलं वैभव ज्याच्या पैशांवर उभं होतं त्या मॅग्विच या कैद्याचा हात भर न्यायालयात धरून उभा राहतो, पैसा सरकारजमा होणार हे ठाऊक असताना. मग आजारी पडतो, जो येऊन त्याची शुश्रूषा करतो आणि जुन्या आपुलकीने त्याला हाक मारतो. पिप जसजसा बरा होत जातो तसतसा जोच्या तोंडी तो 'सर' परत यायला लागतो. पिप बदलला खरा, पण त्याने जे तोडलं ते आता तुटलेलं आहे. बालपणीची मैत्रीण बिडी हिच्याशी लग्न करायच्या इराद्याने तो गावी पोचतो तो तिच्या आणि जोच्या लग्नाच्या दिवशी.

खालच्या दिशेने होणारा बदल लिहिणं याहून अवघड असावं, कारण त्यात नाट्य नसतं. जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'मधला (१८७१–७२) डॉक्टर लिडगेट वैद्यकात मोठं संशोधन करायला गावात येतो. त्याची घसरण रुग्णालयाचा धर्मोपदेशक निवडण्याच्या एका क्षुल्लक मतदानापासून सुरू होते. फेअरब्रदर हा माणूस योग्य आहे असं त्याला वाटतं, पण तो पैसेवाल्या बुलस्ट्रोडच्या उमेदवाराला मत देतो. मग लग्न, सामानसुमान, कर्ज, बुलस्ट्रोडकडूनच घेतलेले हजार पौंड. शेवटी तो श्रीमंत रोग्यांचा यशस्वी डॉक्टर होतो, संधिवातावर एक ग्रंथ लिहितो आणि पन्नाशीतच जातो. त्याने कधीही कोणताही गुन्हा केला नाही. प्रत्येक वेळी निमित्त सभ्य होतं आणि प्रत्येक वेळी त्याने ते स्वीकारलं.

मराठीत हाच धागा महाभारताकडे नेतो. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्मरहस्य सांगतो, पुढे कुंतीही येते. राज्य, भाऊ, प्रतिष्ठा, सगळं एका होकारावर आहे. कर्ण नाही म्हणतो. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही एवढंच वचन आईला देतो. बदलायला नकार देणं हेही शौर्य असू शकतं का? शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ला (१९६७) मिळालेलं मराठी वाचकांचं अमाप प्रेम हे या प्रश्नाचं वाचकांनी दिलेलं उत्तर आहे. तरी मूळ कथेत दुर्योधनाचं अन्यायी असणं कर्णाला पुरेपूर माहीत आहे, आणि द्यूतसभेतलं द्रौपदीविषयीचं त्याचं बोलणं त्याच्या निष्ठेइतकंच त्याचं आहे. निष्ठेच्या तेजात ते झाकलं जाऊ नये. वि. स. खांडेकरांनी 'ययाति'त (१९५९) एक शहाणपणाची गोष्ट केली: ययातीचा कबुलीजबाब त्यांनी एकटा उभा केला नाही. देवयानी आणि शर्मिष्ठा याही आपापली कथा स्वतः सांगतात, त्यामुळे राजाच्या पश्चात्तापाची किंमत कुणी चुकवली ते वाचकाच्या नजरेसमोर राहतं. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) चक्रधर बोटीवर हॅर्टा या ज्यू निर्वासित मुलीच्या प्रेमात पडतो, त्याचं कडवट झालेलं मन उघडतं. आणि मुंबई आल्यावर तो उतरतो, तिला पुढे जावं लागतं. तो बदलला होता. त्या बदलाला कृतीची जोड मिळाली नाही, आणि कादंबरी त्याला माफ करत नाही.

कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम'मध्ये (१९००) हाच हिशेब आयुष्यभर चालतो. तिला आधार होता एका खऱ्या घटनेचा: १८८० साली हज यात्रेकरूंनी भरलेलं 'जेद्दा' जहाज कप्तान आणि अधिकारी सोडून पळाले, आणि ते बुडालं म्हणून सांगत असतानाच यात्रेकरूंसह एडनला पोचलं. कादंबरीतला जहाजावरचा तरुण अधिकारी जिम असाच उडी मारतो. बाकीचे चौकशी चुकवतात, तो एकटा सामोरा जातो. अखेरीस पातुसानमध्ये पळायची वाट उघडी असताना तो मित्राच्या बापाच्या गोळीला सामोरा जातो. त्या उडीची भरपाई झाली, की स्वतःच्या शूर प्रतिमेवरचं त्याचं जुनं प्रेमच त्याला तिथे घेऊन गेलं, हे निवेदक मार्लो ठरवत नाही. जिमवर प्रेम करणारी स्त्री मात्र आपला निवाडा देते: त्याने आपल्याला सोडून दिलं.

इथे या सगळ्या परंपरेवरचा गंभीर आक्षेप समोर येतो. बदलाची कथा बहुधा त्याची असते ज्याने दुखावलं. ज्यांना दुखावलं ते वाटेत मागे राहतात. सावकारिणीची बहीण लिझावेता रास्कोल्निकोवला फार कमी आठवते. कोझेतची आई फांतीन हिला कामावरून काढलं जातं ते सुधारलेल्या मादलेनच्याच कारखान्यातून, त्याला पत्ताही नसताना. आणि निवडीचा क्षण यायला निवडीचं थोडं तरी स्वातंत्र्य लागतं. ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमू नवऱ्याच्या प्रोत्साहनाने वाचायला शिकते, विचार करायला लागते, तिच्यात झालेला बदल मराठी कादंबरीतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा खरा आहे. नवरा गेल्यावर घरचे तिचं केशवपन करतात आणि तिच्यापुढे कोणतीच वाट उरत नाही. तिने आपली कहाणी स्वतः सांगणं, एवढीच कृती आपट्यांनी तिच्या हाती ठेवली.

टॉलस्टॉयला हा आक्षेप म्हातारपणी दिसला होता असं 'पुनरुत्थान' (१८९९) वाचताना वाटतं. अ. फ. कोनी या कायदेपंडिताने सांगितलेली खरी हकिकत तिच्या मुळाशी आहे. त्यातली मुलगी तुरुंगातच टायफसने मरण पावली होती. कादंबरीत उमराव नेख्ल्यूदोव ज्यूरीवर बसलेला असताना आरोपीच्या पिंजऱ्यात कात्यूशा मास्लोवा दिसते, त्यानेच एके काळी फसवून सोडलेली. ज्यूरीच्या उत्तरात एक शब्दप्रयोग राहून जातो आणि निर्दोष असून तिला सक्तमजुरी होते. नेख्ल्यूदोव हेलावतो, जमीन शेतकऱ्यांना द्यायला निघतो, तिच्याशी लग्न करायला तयार होतो. माणसं नदीसारखी असतात, पाणी तेच, कुठे अरुंद, कुठे संथ, कुठे गढूळ, असा विचार टॉलस्टॉयने याच पुस्तकात मांडला. पण मास्लोवा तुरुंगात त्याच्या तोंडावर सांगते की या जन्मी माझ्यावर सुख भोगलंस आणि आता परलोकी तरून जायलाही मीच हवी का? ती त्याचं लग्न नाकारते. ती दारू सोडते, तुरुंगाच्या रुग्णालयात काम करते, राजकीय कैद्यांच्या सहवासात तिची वागणूक पालटते. शिक्षा सौम्य झाल्यावर, नेख्ल्यूदोवचा हात धरणं सोपं आणि फायद्याचं असताना, ती सिमोनसन या कैद्याबरोबर राहायचं ठरवते. तिचं नेख्ल्यूदोववर अजून प्रेम आहे आणि ती त्याला मोकळं करते आहे, हे त्याला त्या भेटीत कळतं. छळ झालेल्या दुखोबोर पंथीयांना रशियातून कॅनडाला जाता यावं म्हणून टॉलस्टॉयने ही कादंबरी पूर्ण केली आणि तिचं मानधन त्यांना दिलं. नेख्ल्यूदोवचं पुढे काय झालं, ते त्याने लिहिलं नाही.